टेलपर्यंत

फलोदी सोडून पोकरणकडे निघालो तेव्हा रस्त्यापासून थोड्या आत दिसलेल्या एका ढाणीकडे ह्यांनी गाडी वळवायला सांगितली. गाडी मी चालवत होते. सरळ, मोकळे रस्ते माझ्याकडे आणि घाट व शहरे ह्यांच्याकडे, अशी वाटणी घरून निघतानाच झाली होती. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. दोन-तीन गोल झोपड्या, एक पक्की खोली, काट्यांचे कुंपण, दावणीला गायी आणि अंगणाच्या उताराला टांका, म्हणजे पावसाचे पाणी साठवायची जमिनीखालची टाकी. ह्यांना तो टांका जवळून पाहायचा होता. घरातली बाई ओढणी सावरत पुढे आली, तिच्या मागोमाग आठवीत शिकणारी मुलगी आली, आणि आमची हिंदी व त्यांची मारवाडी यांचे त्या मुलीमुळे जमले. टांक्याभोवती मुरूम चोपून केलेले मोठे गोल खळे होते, त्याला तिकडे आगोर म्हणतात. मुलीने आमच्या पायांकडे बोट दाखवले, तशा आम्ही चपला कडेला काढल्या. सगळीकडून मध्याकडे बेताचा उतार, जमिनीलगत पाणी आत शिरण्यासाठी ठेवलेली भोके, भोकांवर तारेची जाळी, वर सिमेंटचा बुटका घुमट आणि त्यात लोखंडी झाकण. झाकणाला कुलूप होते. बाईने कमरेची किल्ली काढली, झाकण उघडून दोरीला बांधलेली लहानशी बादली आत सोडली आणि पाणी शेंदले. आधी थोड्याशा पाण्यात तांब्या विसळला, ते पाणी कुंपणाजवळच्या मिरचीच्या रोपाच्या बुडाशी ओतले आणि मग भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. पाणी गार होते, गोडे होते, आणि त्याला चुन्याचा अगदी पुसट वास होता.

आमचे पिऊन होताच तिने कुलूप पुन्हा लावले.

वाळवंट पाहून आलेल्या माणसाला लोक वाळूच्या टेकड्यांबद्दल विचारतात, उंटाबद्दल विचारतात, जैसलमेरच्या किल्ल्याबद्दल विचारतात. ते सारे आम्ही पाहिले आणि ते सुंदरच आहे. तरी घरी आल्यावर कोणी प्रवासाचा विषय काढला की माझ्या डोळ्यांपुढे ते कुलूप येते. कुलूप लावण्याइतक्या मोलाचे पाणी तिने ओळखपाळख नसलेल्या माणसांना न मागता काढून दिले, आणि देऊन झाल्यावर तितक्याच सहजपणे पुन्हा बंद केले. देताना हात आखडला नाही आणि कुलूप लावताना संकोच वाटला नाही. आम्ही लातूरची माणसे. पाणी देताना मनात काय काय होते, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे.

आम्ही तिकडे गेलो ते मुळात ह्यांच्या हट्टापायी. हे पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते आणि नोकरीची बरीच वर्षे जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. पैठणहून निघणारा हा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, आणि ह्यांच्या वाट्याला बहुतेक काळ त्याचा शेवटाकडचा, परभणी जिल्ह्यातला भाग आला. कालव्यावरच्या माणसांच्या तोंडी त्या भागाचे नाव ‘टेल’. हा शब्द आमच्या घरात मुलांच्या नावांइतका वापरला गेला आहे. कालव्याच्या पाण्याची पाळी सुटली की टेलचे शेतकरी संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत, चहा घेत, आणि बोलणे फिरून फिरून तिथेच येई, की वरच्या अंगाला पाणी ओढणाऱ्या मोटारी बसल्या आहेत, चारीत गाळ साचला आहे, दार उघडले असे सांगतात पण पाणी काही पोचत नाही. हे वहीत लिहून घेत, पाटकऱ्याला बोलावत, रात्री-अपरात्री कालव्यावर जात. धरणातच साठा नसेल त्या वर्षी तर वहीत लिहिण्यासारखेही काही उरत नसे. निवृत्तीनंतर ह्यांनी एकच मागणे मागितले. पंजाबातून निघून थरच्या वाळवंटात ६४९ किलोमीटरवर संपणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याचे टेल बघायचे. तिथे पाणी पोचते का आणि कसे पोचते, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. मुलगा म्हणाला, विमानाने जा. हे म्हणाले, जमीन बदलत जाताना दिसली पाहिजे.

ती खरोखर बदलत जाताना दिसली. आम्ही निघालो तेव्हा आपल्याकडे ज्वारी हुरड्याला आलेली होती. अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा करत बीडकडे जाताना उसाने लादलेले ट्रॅक्टर आडवे येत होते, आणि रस्त्यालगतच्या वाड्यावस्त्यांवर घरे बंद, ओट्यावर फक्त म्हातारी माणसे, कारण कर्ती माणसे कोयता घेऊन कारखान्यांकडे गेलेली. बीडच्या अलीकडे खजाना विहिरीपाशी हे दर वेळी थांबतात, तसे याही वेळी थांबले. निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात बांधलेली ती विहीर आणि तिचे भुयारी पाट अजून पाणी वाहतात, याचे ह्यांना दर वेळी नव्याने नवल वाटते. बीडपासून पुढे ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग धरला की तोच रस्ता छत्रपती संभाजीनगर, कन्नडचा घाट, धुळे, सेंधवा, इंदूर करत थेट कोटा-बुंदीपर्यंत नेतो. आपल्या बीडच्या दारावरून जाणारा रस्ता राजस्थानात पोचतो, हे नकाशात पाहणे वेगळे आणि गाडीत बसून त्याच रस्त्याचा आकडा मैलाच्या दगडांवर वाचत जाणे वेगळे. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी माळव्यापर्यंत पुरली. काळी जमीनही जवळजवळ तिथपर्यंत सोबत होती.

कोट्याला शिरताना मी गाडी बाजूला घ्यायला लावली. तिथे पाहण्यासारखे काही होते म्हणून नव्हे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आले, त्या गाडीच्या वाघिणी याच कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन मिरजेला पाठवल्या होत्या. मिरजेला त्यांत कृष्णेचे पाणी भरले गेले आणि १२ एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी लातूरला लागली. दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. आमच्या गल्लीतली माणसे ती गाडी बघायला गेली होती. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदीचे कलम १४४ लावले गेले होते. पाच माणसांहून जास्त माणसांनी पाण्यापाशी एकत्र उभे राहायचे नाही, असा तो हुकूम आला तेव्हा मी शाळेत सातवीला नागरिकशास्त्र शिकवत होते, आणि वर्गातल्या एका मुलीने मला विचारले होते की आमच्या घरातच सहा माणसे आहेत, तर आम्ही टँकरवर कोणी जायचे.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घरोघर हौदांना कड्या बसल्या आणि कड्यांना कुलपे लागली. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. निळे बॅरल घरात, न्हाणीत, जिन्याखाली आले. सासूबाई त्या वेळी होत्या. आल्या-गेल्याला गूळ आणि पाणी दिल्याशिवाय उंबऱ्यावरून जाऊ द्यायचे नाही, ही त्यांची रीत जन्मभराची. त्या वर्षी पाहुणे येताना आपली पाण्याची बाटली बरोबर आणू लागले आणि आम्ही गुळाची वाटी पुढे केली की आपल्याच बाटलीतला घोट घेऊ लागले. त्यात समजूतदारपणा होता, प्रेमही होते. सासूबाई मात्र प्रत्येक वेळी आत जाऊन तांब्या भरून आणत आणि पाहुण्यासमोर ठेवत. तो तांब्या तसाच परत आत जाई. त्या तांब्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असे, त्याला मला नाव देता येत नाही.

कोट्याच्या पुढे बुंदीला राणीजी की बावडी पाहिली. राणी नाथावतीने १६९९ मध्ये बांधवलेली ही बारव नक्षीकामासाठी प्रसिद्ध आहे आणि तिची खोली पाहून पाय जागच्या जागी थांबतात. पण आम्ही बारवा पाहतच मोठे झालो. जिंतूरजवळच्या चारठाण्याची बारव, अंबाजोगाईच्या बारवा, आणि ज्यांची नावे कुठे छापलेली नाहीत अशा गावोगावच्या कितीतरी. माझ्या माहेरी माळवदाचे घर होते. पावसाळ्यात पन्हाळीतून पडणारे पाणी आजी आधी दोन-तीन सरी वाहू देई आणि मग रांजणात धरी. त्या पाण्यात डाळ लवकर शिजते, असे तिचे म्हणणे. पुढे नळ आला, मग बोअर आला, मग त्या बोअरच्या शेजारी आणखी खोल बोअर आला. माळवद पाडून स्लॅब पडला, तेव्हा पन्हाळीही गेल्या. स्लॅबचे पाणी पाइपातून खाली येते आणि रस्त्यावरच्या गटारीला मिळते.

अजमेर, मेडता, नागौर ही गावे भराभर मागे पडली. नागौरच्या पुढे झाडे विरळ झाली आणि जी उरली त्यांत खेजडी मुख्य. खेजडी म्हणजे आपली शमी, सौंदड. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. तिकडे तिच्या फांद्या छाटून पाला जनावरांना घालतात, शेंगांची भाजी करतात, आणि शेताच्या मधोमध ती आली तरी नांगर तिला वळसा घालून जातो. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये ही झाडे तोडू न देण्यासाठी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. एका लहान गावात बसस्टँडसमोरच्या खानावळीत आम्हाला बाजरीचा जाड सोगरा, केर-सांगरी आणि ताक मिळाले. केर म्हणजे आपल्या माळरानावरची नेपती, सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. वाढणाऱ्या म्हाताऱ्याने सोगरा ताटात चुरून त्यावर तूप सोडले आणि ताकाचा पेला पुन्हा भरला. पाण्याचा पेला मात्र आम्ही रिकामा करेपर्यंत त्याने भरला नाही. बोलायचा त्याचा आपलेपणा पाहता तो कंजूष नव्हता. पेल्यात उरलेले पाणी फेकले जाऊ नये, एवढेच त्याच्या हातात मुरलेले होते.

ढाणीवरच्या कुलपाबद्दल मी त्या मुलीला विचारलेच होते. चोरी होते का? तिने आईला विचारले, दोघी थोडे बोलल्या, मग ती म्हणाली की शेळ्या झाकण ढकलतात, लहान भाऊ खेळत असतो, तो पडू नये म्हणून. आणि मग, थोडे थांबून, तिने दुसरे कारण सांगितले. पावसाचे पाणी फाल्गुन-चैत्रापर्यंत पुरते. नंतर टँकर मागवून टांका भरावा लागतो, त्याला पैसे पडतात. म्हणजे तिथेही टँकर होताच. वाळवंटातली माणसे पावसाच्या थेंबावर सुखाने जगतात आणि आपणच तेवढे हरलो, असे चित्र मनात रंगवायला मी निघाले होते, ते त्या मुलीने थांबवले याचे मला बरेच वाटले. फरक होता तो एवढाच की टँकर त्यांच्याकडे शेवटी येतो. आधी येते ते आभाळाचे पाणी, आणि त्यासाठी जागा झाडून, चोपून, चपला काढून तयार असते. जैसलमेर जिल्ह्यात वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्याकडे सरासरी सातशेच्या वर पडतो.

मोहनगडला आम्ही सकाळी पोचलो. हरिकेला, सतलज आणि व्यास जिथे मिळतात तिथून सुटलेले पाणी इथे मुख्य कालव्याचा शेवट गाठते आणि पुढे शाखांमध्ये वाटले जाते. १९५८ मध्ये खोदकाम सुरू झाले आणि १९८७ मध्ये पाणी इथवर आले. दोन्ही काठांना शिसवाची आणि निलगिरीची दाट झाडी, तिच्यापलीकडे मोहरी, हरभरा, जिरे, इसबगोल, आणि त्याच्याही पलीकडे पुन्हा वाळू. कालव्यात सतत वाळू येऊन पडते आणि सतत उपसावी लागते. हे काठावर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. मग खाली बसले, अस्तराच्या फरशीवरून हात फिरवला, फरशांचे सांधे पाहिले, पाण्यात वाळकी काडी टाकून तिच्याबरोबर थोडे चालले आणि घड्याळ पाहिले. वेग काढत होते. मी जवळ गेले तेव्हा ह्यांचे डोळे भरले होते.

“पोचले गं,” हे म्हणाले. “इतक्या लांबून पोचले.”

मी काहीच बोलले नाही, कारण त्या क्षणी माझ्या मनात दुसरेच चालले होते. या कालव्याच्या वरच्या भागात, हनुमानगडकडे, पाणी जास्त झाल्याने जमिनी चिबडल्या आहेत, क्षार वर आला आहे. व्यास नदीवरच्या पोंग धरणाने ज्यांची हिमाचलातली हिरवी गावे बुडाली, त्यांना बदल्यात या वाळवंटात जमिनी दिल्या गेल्या. हे सारे ह्यांनीच मला गाडीत सांगितले होते. नाथसागरात गाव गेलेली माणसे आमच्या नात्यातही आहेत, आणि त्यांच्या घरी जायकवाडीचे नाव कोणत्या सुरात घेतले जाते ते मी ऐकले आहे. तरी त्या काठावर उभे राहून कालव्याला नावे ठेवणे मला जमले नाही. समोर जिऱ्याच्या शेतात एक बाई खुरपत होती, तिच्या घरी नळ असेल, तिच्या सासूने जन्मभर डोक्यावरून वाहिलेले पाणी तिला वाहावे लागत नसेल. ह्यांनी आयुष्य ज्यासाठी घालवले ते पाणी इथे वाहत होते. ते त्यांना मनसोक्त पाहू द्यावे, असेच मला वाटले.

दुसऱ्या दिवशी कुलधरा पाहिले. पालीवाल ब्राह्मणांचे हे गाव एकोणिसाव्या शतकात ओस पडले. दिवाणाच्या जाचाला कंटाळून सारे गाव एका रात्रीत उठून गेले, असे सांगतात, आणि भुताखेतांच्या गोष्टी सांगणारेही पुष्कळ भेटतात. ओळीने उभ्या असलेल्या भिंती आणि रिकाम्या उंबरठ्यांवरून चालताना मला हंगामात बंद असलेली बीडकडची घरे आठवली. ती घरे आखाडाच्या आधी पुन्हा उघडतात, एवढा दिलासा होता. याच पालीवालांनी खडीन बांधले. उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालायचा, खडकाळ माळावरून वाहून येणारे पावसाचे पाणी तिथे अडवायचे, ते मुरू द्यायचे, आणि ओल धरलेल्या त्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. पुढे एकही पाणी द्यावे लागत नाही. ते सोडून गेले तरी त्यांचे काही खडीन आजही पेरले जातात. ह्यांनी बांधाचा उतार नजरेने मोजला आणि बराच वेळाने म्हणाले, “इथे टेलच नाही.”

त्या रात्री जैसलमेरच्या खोलीत हे हॉटेलच्या बिलाच्या मागे आकडे मांडत बसले. आमच्या लातूरच्या घराचे छप्पर साधारण हजार चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर वर्षाला ६५ हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरी सोडून दिल्या, उडाले-सांडले ते वजा केले, पाचवा हिस्सा गेला असे धरले, तरी ५२ हजार लिटर उरते. दुष्काळाच्या वर्षी निम्मे धरा. ह्यांनी कागद माझ्यापुढे केला आणि ५२ हजारांच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. मी तो आकडा वाचला आणि मला एकदम कोट्याचा रस्ता आठवला. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर. साडेतीनशे किलोमीटरवरून ज्या पाण्याची वाट आम्ही शहरभर पाहिली, तेवढी एक वाघीण सरासरी पावसात आमच्याच छपरावर येते आणि पन्हाळ नसलेल्या पाइपातून गटारीला जाते. ह्यांनाही तेच आठवले असावे, कारण आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. मग हे म्हणाले की याने शहराचा प्रश्न सुटत नाही, धुणे-भांडी, दवाखाने, शाळा, कारखाने यांना धरणच लागते, कालवाच लागतो. मला ते मान्य आहे. पण दोन माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरले तर वर्षाला सात हजार तीनशेच लागतात. एवढे तर वाळवंटातल्या छपरावरही पडते.

परतल्यावर हौदाचे काम लगेच काढले. त्यावरून आमचे मतभेद झाले आणि अजून सुरू आहेत. ह्यांना दहा हजार लिटरचा पुरेसा वाटतो, मला वीसचा हवा. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी ह्यांनी कॉक असलेला जोड काढून ठेवला आहे. माझे म्हणणे एवढेच की झाकण मोठे असावे, माणूस आत उतरून तळ घासून बाहेर येईल एवढे. शेजारच्यांनी येऊन खड्डा पाहिला, खर्च विचारला, आणि नळ आहे तर हे कशाला, असेही विचारले. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. नळ आठवड्यातून कधी येतो, ते त्यांना आणि आम्हाला सारखेच माहीत आहे.

मग एका रविवारी हे म्हणाले, “चल, आमचे टेल दाखवतो.” ह्यांच्या नोकरीच्या इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलेच नव्हते. परभणीच्या पुढे डांबरी रस्ता सोडून कालव्याच्या कडेच्या कच्च्या वाटेने आम्ही गेलो. रब्बीची पाळी सुरू होती आणि वितरिकेत पाणी होते, थोडे, पण चालते. शेवटच्या चारीत ते गुडघ्याच्याही खाली होते आणि बाभळीच्या मुळांना अडखळत पुढे सरकत होते. ओट्यावर चहा प्यायला येणाऱ्यांपैकी एक शेतकरी तिथेच भेटला. आता केस पांढरे झालेले, पण ह्यांना लांबूनच ओळखून धावत आला. दोघे बांधावर उकिडवे बसून मोटारी, गाळ, दारे यांवर बोलू लागले, ते काही आटोपेना. मी त्याच्या घराकडे गेले. त्याच्या बायकोने गूळ पुढे केला आणि पाणी दिले. पाण्याला बोअरचा जडपणा होता. कालवा दारात असून पिण्याला बोअरचेच का, असे मी विचारले, तर म्हणाली की पाळी कधी येते कधी नाही, आणि बोअरही एप्रिलमध्ये धापा टाकतो. मी तिला छपराबद्दल सांगू लागले. पत्र्याचे छप्पर होते, चांगले लांबरुंद. तिने पदराने हात पुसत पत्र्याकडे पाहिले, मग अंगणाकडे पाहिले, एका कोपऱ्याकडे बोट करून तिथे खडक लागेल का ते विचारले, आणि मग विचारले की अशा हौदाला खर्च किती येतो. आकडे ह्यांच्याकडे होते. मी बांधाकडे तोंड करून ह्यांना हाक मारली.